आवाज आणखी थोडा वाढवावा लागेल

२ जानेवारी

काल लिहायला सुरुवात करणार होतो. पण एक तारखेला सगळं जग संकल्प करतं. मी सगळ्यांतला नाही. म्हणून दोन तारीख.

संकल्प एकच. या वर्षी 'भोवरा'चा साउंड हेवी करायचा.

ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी बँडचा इतिहास कुठेतरी नोंदलेला असावा. 'भोवरा' म्हणजे आम्ही चौघं. लीड गिटार आणि एकूण दिशा मी. ड्रमवर दातांचे डॉक्टर. बेसवर माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. ऑर्गनवर बाई. बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या. बसायला घरून स्वतःची उशी आणतात. सायकेडेलिक बँडमध्ये उशी शोभत नाही, पण बोललो नाही. नेत्याला काही गोष्टींकडे कानाडोळा करावा लागतो.

आम्ही गाणी वाजवत नाही. गाणी कोणीही वाजवतं. आम्ही एक सूर धरतो आणि तो नेईल तिकडे जातो. कधी ढगांत, कधी विहिरीत. गेलं वर्ष बहुतेक विहिरीतच गेलं. कारण उघड आहे. वजन नाही.

५ जानेवारी, रविवार

रिहर्सल. मेहुण्याचा गाद्यांचा धंदा आहे, त्याच्या गोदामात वाजवतो. चारी बाजूंना छतापर्यंत गाद्या. आतलं बाहेर जात नाही. मेहुणा म्हणतो, हाच जागेचा फायदा. मी म्हणतो, हाच तोटा.

सगळ्यांना समजावून सांगितलं. डॉक्टर ड्रमवर अशा काड्या टेकवतात, जणू खाली पेशंट झोपलाय. मेहुण्याचा बेस कुठे असतो हे त्याचं त्यालाच ठाऊक. बाईंचा ऑर्गन म्हणजे शेजारच्या घरात कोणीतरी दु:खी आहे. मी म्हणालो, जोर लावा. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सकाळी मला अक्कलदाढ काढायची असते, हात थरथरून चालत नाही. मी म्हणालो, कलेसाठी थोडं सोसावं लागतं. ते म्हणाले, सोसणार पेशंट आहे.

माणूस चांगला आहे. दृष्टी नाही.

९ जानेवारी

गिटारचा आवाज मोठा करणारा नवीन अँप आणला. जुना विकून नाही, जुना आहेच. दोन्ही जोडून वाजवणार. हिने दारातच विचारलं, दुसरा फ्रीज कशाला. मी सांगितलं, हा अँप आहे. ती म्हणाली, मग यात भाजी राहणार नाही तर. आणि आत गेली.

गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणणार होतो. पण बायको आहे.

१४ जानेवारी

कुकर बिघडलाय. ही बाहेर जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरसमोर खुर्ची टाकून बसलो. एकही शिट्टी झाली नाही. मी जागचा हललो नाही. शिस्त म्हणजे शिस्त. शेवटी घरभर जळका वास आणि वरच्या मजल्यावरचे काका दारात. ते म्हणाले, अहो केव्हाच्या शिट्ट्या होतायत, घरात कोणी नाही का.

कुकर माझ्या पुढ्यात, हातभर अंतरावर. शिट्ट्या वरच्या मजल्यावर. काकांचं वय झालं. या वयात होतात असे भास.

हिला म्हणालो, शिट्टी बदलून आणतो. ती माझ्याकडे बघत राहिली. कुकर घासताना काहीतरी पुटपुटली. हल्ली ती फार पुटपुटते.

२१ जानेवारी

ऑफिसात कटकट. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारींचा फोन माझ्याकडे. कुठली लिफ्ट, काय झालं, विचारायचं आणि मेकॅनिकला पाठवायचं. काम सोपं आहे. अडचण एवढीच की लोकांना बोलायची सवय राहिली नाही. फोन तोंडाजवळ धरत नाहीत. शब्द अर्धे गिळतात. जबडे हलवायला सुद्धा कंटाळा.

आज एका बाईचा फोन. छापखान्याची लिफ्ट अडकलीय, आत माणूस आहे, लवकर या. मी लगेच मेकॅनिकला छापखान्यात पाठवला. तिथे लिफ्ट ठणठणीत. मालकाने त्याला चहा पाजला. तिकडे दवाखान्याच्या लिफ्टमध्ये भुलीचे डॉक्टर अडकलेले. पेशंट टेबलावर तयार, सर्जन हात धुऊन तयार, आणि भूल दोन मजल्यांच्या मध्ये.

साहेबांनी बोलावलं. मी शांतपणे सांगितलं, छापखाना आणि दवाखाना यांतला फरक बोलणाऱ्याने स्पष्ट करायला हवा. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. किंवा बोलले असतील. तेही पुटपुटतात.

२ फेब्रुवारी, रविवार

आज इतिहास घडला. दोन अँप, सगळी बटणं उजवीकडे. पहिला सूर मारला आणि वरच्या थरातली एक गादी आपणहून खाली आली. मेहुण्याने ती मुकाट्याने परत रचली.

मग सोलो घेतला. डोळे मिटून. पोटात, बरगड्यांत, दातांत जाणवत होता. हेवी म्हणजे हेच. आवाज ऐकायचा नसतोच, तो अंगावर घ्यायचा असतो. मध्ये एकदा डोळे उघडले तर बाई ऑर्गन सोडून उभ्या राहून मला सांगत होत्या, लांबवा, लांबवा. बाई. ज्यांनी जन्मभर मुलांना प्रार्थना शिकवली, त्या. माझा ऊर भरून आला. मी लांबवला.

संपलं तेव्हा डॉक्टर गोदामाबाहेर उभे होते. भारावून गेले असावेत.

४ फेब्रुवारी

मेहुणा घरी आला होता. मी सहज म्हणालो, बाईंना सोलो फार आवडला, स्वतः उठून लांबवा म्हणाल्या. तो म्हणाला, भाऊजी, त्या थांबवा म्हणत होत्या.

मेहुण्याचे कान तपासायला हवेत. तरुण पोरं रात्रंदिवस कानात काहीतरी खुपसून बसतात, दुसरं काय होणार. हिच्याशी बोललो. म्हणालो, तुझ्या भावाला नीट ऐकू येत नाही, लाजेने सांगत नसेल. ती हसली. मग हसता हसता थांबली आणि स्वयंपाकघरात गेली.

भावाची काळजी वाटली असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

बँड परिपक्व होतोय. मी पोचलो तेव्हा मेहुण्याने माझ्या दोन्ही अँपसमोर दोन गाद्या उभ्या करून ठेवल्या होत्या. विचारलं, तर म्हणाला, ट्रीटमेंट. मोठ्या स्टुडिओत असं करतात. कोणीतरी वाचन करतंय हे बघून बरं वाटलं.

अर्थात गाद्यांमुळे आवाज किंचित दबला. आणखी थोडा वाढवला.

९ मार्च, रविवार

डॉक्टर दवाखान्यातून कापसाच्या छोट्या वळकट्या आणतात. दात उपटल्यावर गालात धरायला देतात त्या. वाजवायला बसण्याआधी तिघं एकेक जोडी कानात घालतात. मी विचारलं, हे काय. डॉक्टर म्हणाले, थंडी.

मार्चमध्ये.

मला नको म्हणालो. मला थंडी वाजत नाही.

आणखी एक प्रगती. तिघांनी वाजवताना हातांच्या खुणा सुरू केल्यात. डॉक्टर उजवा पंजा हवेत पसरून खाली दाबतात. बाई दोन्ही पंजे. मेहुणा तर गुडघ्यापर्यंत वाकून दाबतो. स्टेजवर फार छान दिसेल. लाटेसारखं. मीही मान डोलावून प्रतिसाद दिला आणि सूर वाढवला, तशा त्यांच्या खुणाही वाढल्या. यालाच म्हणतात मनं जुळणं.

१६ मार्च, रविवार

वाया गेलेला दिवस. सुरुवातीलाच काहीतरी उडालं. दोन्ही अँप गार. मेहुण्याला म्हणालो, फ्यूज बघ. त्याने बघितला, म्हणाला, आज मिळणार नाही, रविवार आहे. त्याच्या चेहऱ्यावर दु:ख दिसायला हवं होतं. असो.

मी मात्र बसून राहिलो नाही. गिटार गळ्यात होतीच. आवाजाशिवाय वाजवली. त्या तिघांना दिशा मिळावी म्हणून. बाईंनी खालचा एक सूर धरला आणि सोडलाच नाही. मेहुणा त्याच्या भोवती फिरत राहिला, डॉक्टर मधूनच एखादा ठोका टाकत होते. मला नीटसं काही पोचत नव्हतं, पण गोदामातला हमाल पाठीवरची गादी तशीच ठेवून दारात उभा होता. गादी खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

माझ्या हालचालींकडे बघत असावा. मेहुण्याने फोनवर रेकॉर्ड केलं म्हणे. कशाला, कोण जाणे.

२८ मार्च

गड सर. नाट्यगृहाच्या वरच्या छोट्या सभागृहात दर महिन्याच्या एका शनिवारी नवीन वादकांना वाजवायला देतात. मेहुण्याने व्यवस्थापकांना रेकॉर्डिंग पाठवलं होतं, मला न विचारता. व्यवस्थापक म्हणाले, एवढं जड आणि एवढं शांत संगीत त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. दहा मेची तारीख दिली.

कुठलं रेकॉर्डिंग, विचारलं. मेहुणा नखं बघत म्हणाला, फ्यूज उडाला होता त्या दिवसाचं.

यावर मी पूर्ण दिवस विचार केला. निष्कर्ष: माझी गिटार आता आवाजाच्या पलीकडे गेली आहे. मी नुसता उभा असतो तरी साउंड हेवी होतो. मग प्रत्यक्ष वाजवल्यावर काय होईल.

३ एप्रिल

बढती. साहेबांनी फोन काढून घेतला आणि मागच्या खोलीत जुन्या फायली लावायला बसवलं. म्हणाले, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने फोन उचलणं बरं दिसत नाही. हे वाक्य त्यांनी अगदी माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. म्हणजे स्पष्ट बोलता येतं त्यांना. मनात आणलं तर.

खोलीला खिडकी नाही. एकाग्रतेला बरं. माझ्या जागी नवीन मुलगी बसलीय. एका आठवड्यात एकही मेकॅनिक चुकीच्या जागी गेला नाही म्हणे. नव्या लोकांना सोपे फोन येतात.

हिला सांगितलं. ती म्हणाली, बढती म्हणजे पगार वाढला का. मी विषय बदलला.

१३ एप्रिल, रविवार

बेसूर प्रसंग. वाजवून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, बसा, बोलायचंय. त्यांच्या कानात दिवसभर शिट्टी वाजत राहते. पेशंट आ करतो आणि यांना वाटतं, तोच ओरडतोय. ते म्हणाले, आवाज अर्धा करा, नाहीतर मी येत नाही.

मी म्हणालो, हेवी साउंड हे बँडचं धोरण आहे. ते म्हणाले, धोरण कोणी ठरवलं. मी म्हणालो, दोन जानेवारीला ठरलंय. ते म्हणाले, दोन जानेवारीला मी दवाखान्यात होतो.

मग बाई बोलल्या. त्या माझ्या अगदी जवळ येऊन बसल्या, उशी घेऊन. म्हणाल्या, जड आवाज आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरलेला रांजण वाजत नाही, पण उचलून बघा. मी म्हणालो, बाई, हा रॉक आहे, पाणवठा नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तिसरीतल्या मुलाकडे बघत असतील. रागाने नाही. त्याहून वाईट.

शेवटी मी मोठेपणा घेतला. ठरलं असं: कार्यक्रमात सुरुवात बाईंनी करायची. मी गप्प. बाईंनी मान हलवली की मी वाजवायचं, आणि अर्ध्या आवाजात. सगळ्यांसमोर कबूल केलं.

अर्ध्या म्हणजे कशाच्या अर्ध्या, हे कोणी विचारलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

आवाज अर्धा केला. काहीच ऐकू येईना. बाकीचे तिघं मात्र हसतमुख. डॉक्टरांनी कापूस काढला. थंडी गेली वाटतं.

मी निराश नाही. कार्यक्रमाच्या दिवशी अँपच्या बटणांशी मीच असणार आहे.

९ मे

ही उद्या येणार आहे. स्वतःहून म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने चांगला ड्रेस इस्त्री करून ठेवला, माझा शर्टही केला. जेवताना मी सगळा आराखडा समजावून सांगितला. ती ऐकत होती. शेवटी काहीतरी म्हणाली, मी म्हणालो, काय, ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा काय म्हणालो. मग तिने हात हलवला. काही नाही.

उद्या रात्री तिला कळेल की ती कोणाबरोबर राहतेय.

१० मे, दुपारी ३

निघतोय. मन शांत. बाईंची मान हलेपर्यंत थांबायचं, ते कबूल आहे. पण मान हलली की नाही हे समोरच्याने ओळखायचं असतं.

११ मे, रविवार

सगळं क्रमाने लिहितो. पुढे लोक वाटेल ते सांगतील.

सभागृह जवळजवळ भरलेलं. ही तिसऱ्या रांगेत कडेला. बाईंनी सूर धरला. मेहुणा आला, डॉक्टर आले. मी गिटारवर हात ठेवून उभा. माझ्यापर्यंत फारसं काही येत नव्हतं. पण समोरच्या रांगेतले लोक पुढे झुकलेले दिसत होते, जसं विहिरीत वाकून बघतात. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू येत नाहीये. बिचारे ताण देऊन ऐकतायत.

त्याच वेळी बाईंनी मान हलवली. नंतर त्या म्हणाल्या, माशी होती.

मी सुरुवात केली. दोन्ही अँप, पूर्ण. डोळे मिटले. मी असं कधीच वाजवलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. कोणीतरी माझी बाही ओढली. मला वाटलं मेहुण्याला बेस सोलो हवाय. मी मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा ओढली. मी पाठ फिरवली. मग धुराचा वास आला. मनात म्हटलं, वा, व्यवस्थापकांनी न सांगता धुराची सोय केली, जाणकार माणूस आहे. धूर घशात जात होता, तरी थांबलो नाही. कितीतरी वेळ मी होतो आणि तो आवाज होता.

मग डोळे उघडले. लोक उभे होते. सगळं सभागृह उभं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यातलं काही धुराचं. मग दिसलं की लोक उभे आहेत, पण माझ्याकडे पाठ करून. दारातून बाहेर पडतायत. दारावर एक लाल दिवा उघडझाप करत होता. स्टेजवर मी एकटा. बाई नाहीत, उशी नाही. डॉक्टरांच्या काड्या ड्रमवर पडलेल्या.

आणि ही. सगळे बाहेर जात होते आणि ही त्या गर्दीतून आत येत होती. नाकाला रुमाल. रुमाल बाजूला करून तोंड उघडत होती, मिटत होती. माझ्याकडे बघून. मला वाटलं, गातेय. खरंच वाटलं. मी तिच्याकडे बघून हसलो आणि वाजवत राहिलो.

ती स्टेजवर चढली. पट्टा माझ्या डोक्यावरून काढला, गिटार तिथेच टाकली, माझा हात धरला आणि मला ओढत जिन्याने खाली नेलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला, शाळेला उशीर झालेल्या पोराला नेतात तसं.

रस्त्यावर सगळे उभे होते. मेहुणा रडत होता. त्याने आधी बहिणीला मिठी मारली, मग मला ढकललं, मग मलाही मिठी मारली. खालच्या कँटीनमध्ये कढईतलं तेल पेटलं होतं. बंब आला, आग विझली. भाजलं कोणाला नाही. नुकसान एक पडदा, थोडी लाकडं.

सगळे म्हणतात, आगीची घंटा जोरजोरात वाजत होती. इमारतीत, जिन्यात, सभागृहात, अगदी स्टेजच्या वर. पलीकडच्या रस्त्यावर ऐकू येत होती म्हणे.

मला ऐकू आली नाही. म्हणजे माझा साउंड घंटेपेक्षा हेवी होता. हे मेहुण्याला म्हणालो. तो काही बोलला नाही. या वेळी पुटपुटलाही नाही.

१३ मे

ही खोकतेय. छातीत धूर गेलाय. डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, औषध दिलं आणि आठवडाभर अजिबात बोलू नका म्हणून सांगितलं. आवाज पूर्ण बसलाय.

मी रजा घेतली. स्वयंपाक करतोय. कुकर लावत नाही.

१५ मे

तिला काही हवं असलं की कागदावर लिहून देते. गरम पाणी. खिडकी लावा. तुम्ही जेवलात का. मी वाचतो, उत्तर देतो. ती पुन्हा लिहिते. आज सकाळभर आम्ही असे बोलत बसलो. तिच्या बहिणीचं काय चाललंय, माझ्या ऑफिसातली खिडकी नसलेली खोली, गोदामाच्या छताला लागलेली गळती. मी एकदाही काय म्हणून विचारलं नाही. तिने एकदाही हात हलवला नाही.

आमचं इतकं नीट बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तसं तिला म्हणालो. म्हणजे तू लिहितेस ते बरंय, असं.

तिने पेन उचललं. मग लिहिलं: मी लिहिते म्हणून नाही. कान तपासून घ्या.

मी म्हणालो, माझे कान वादकाचे कान आहेत. तिने पुढचा कागद घेतला. लिहिलं: कुकर. खाली: दवाखाना. खाली: घंटा. मग कागद उलटा करून लिहिलं: आत येताना मी तुम्हाला नावाने हाक मारत होते. अहो नाही. नावाने.

चहा टाकायला गेलो.

२० मे

कानाच्या डॉक्टर तरुण आहेत. छंद विचारला. संगीत, म्हणालो. कुठलं. हेवी, म्हणालो. त्यांनी लिहून घेतलं.

एका काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला चार-दोन वेळा दाबलं. मग त्यांचं यंत्र बंद पडलं. मी बटणावर अंगठा ठेवून, यंत्र सुरू व्हायची वाट बघत बसलो. काचेपलीकडे त्या मान खाली घालून काहीतरी करत होत्या, दुरुस्त करत असाव्यात. मग दार उघडून म्हणाल्या, झाली तपासणी.

मी म्हणालो, अहो, अजून सुरूच कुठे झाली.

त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघत, सावकाश बोलल्या. शिट्ट्या, घंटा, बोलण्यातली बारीक अक्षरं, हे सगळं बऱ्याच काळापासून गेलेलं आहे. थोडं घराण्यातून आलेलं असेल. उरलेलं गेल्या दोन वर्षांतल्या मोठ्या आवाजाचं. मी म्हणालो, परत येईल का. त्या म्हणाल्या, गेलेलं नाही येणार. राहिलेलं सांभाळता येईल.

ही शेजारी बसली होती. तिला अजून बोलायची परवानगी नाही. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी दुसरीकडे बघितलं. भिंतीवर कानाचं मोठं चित्र होतं. आत गोगलगाय असते. मला माहीत नव्हतं.

२२ मे

दुसरं मत घ्यावं का, असा विचार केला. हिने माझ्याकडे बघितलं. नाही घेत.

१० जून

दोन्ही कानांत मशीन बसवलं. ओळखू येत नाही म्हणाले. मला तरी येतं.

बाहेर पडलो तर जग फार पिरपिर करतंय. माझ्या चपला वाजतात. पिशवी वाजते. फ्रीज सारखा रडतो. नळ थेंब थेंब गळतोय. हिला विचारलं, केव्हापासून. ती म्हणाली, दोन वर्षं सांगतेय. तिचा आवाज परत आलाय, थोडा घोगरा.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती. मी बाहेर पेपर घेऊन. तिथून गुणगुणण्याचा आवाज आला. उठून बघितलं. भाजी चिरता चिरता ही गात होती, तोंड मिटून. विचारलं, हे कधी सुरू केलंस. म्हणाली, लग्नाच्या आधीपासून आहे.

सुरात गाते. चांगल्यापैकी सुरात.

पेपर उघडाच ठेवून बसलो. पान उलटलं तर आवाज होतो.

१५ जून, रविवार

गोदामात गेलो. एकच अँप, आणि त्याच्यापुढे एकही गादी नाही. गिटार नाट्यगृहातून मेहुण्याने केव्हाच आणून ठेवली होती.

मी म्हणालो, तुम्ही वाजवा, मी आधी ऐकतो.

बाईंनी सूर धरला. खालचा. मोठा नव्हता. मग त्याच्याखाली मेहुणा आला आणि जमीन थोडी सरकल्यासारखं झालं. डॉक्टरांनी एक ठोका दिला आणि पुढचा द्यायला इतका वेळ लावला की माझा श्वास अडकला. दिला तेव्हा सगळं गोदाम खाली बसलं. गाद्यांवरची धूळ सुद्धा हलली नाही, आणि माझ्या छातीवर कोणीतरी पोतं ठेवलं. हा माझा मेहुणा. हिचा भाऊ, ज्याला मी दर रविवारी भेटतो. त्याला हे येतं.

संपल्यावर विचारलं, हे असं केव्हापासून होतंय. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीपासून. अधूनमधून. तुमचा अँप तापेपर्यंत.

मग मी गिटार घेतली. आवाज अगदी लहान ठेवला. वाजवली. ऐकली.

थांबलो. तारा नव्या टाकल्या का म्हणून मेहुण्याला विचारलं. नाही म्हणाला, त्याच आहेत. सुरात लावलीय का, विचारलं. बाई म्हणाल्या, मी मघाशीच लावली.

म्हणजे गिटार उत्तम आहे. वाजवणाऱ्याबद्दल माझं मत तूर्त राखून ठेवतो.

बाईंनी मला उशी दिली, बसायला. म्हणाल्या, आज एकच सूर वाजवा. कधी वाजवायचा ते आम्ही सांगणार नाही. ऐका, आणि जागा सापडली की वाजवा. ते तिघं पुन्हा सुरू झाले. मी उशीवर बसून ऐकत राहिलो. बऱ्याच जागा आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी वाटलं, इथे. आणि मग वाटलं, इथे काही नको, आहे तेच बरं आहे.

शेवटी राहवलं नाही. वाजवला.

चुकीच्या जागी. पण हळू.